प्रायश्चित्तकाळातील पांगारा

चर्चच्या आवारात झाडे लावायची म्हटली, की बहुतेक जण गुलमोहर सुचवतात. तो देखणा खरा. पण मूळचा मादागास्करचा, आणि बहरतो उन्हाळ्यात. मला रंग हवा आहे तो माघ-फाल्गुनात. प्रायश्चित्तकाळात वेदीवर फुले ठेवत नाहीत. अपवाद चौथ्या रविवारचा आणि सणांचा. त्या दिवसांत निदान अंगण तरी फुललेले असावे.

आमच्या आवारातला जुना पांगारा तोडावा, अशी सूचना आली आहे. काटेरी, पानगळीने उघडा, वठल्यासारखा दिसणारा! पण याच निष्पर्ण फांद्यांवर फेब्रुवारीत लालभडक तुरे येतात. मैना, बुलबुल, शिंजीर मधासाठी भांडतात. नुसती फांदी खोवली तरी रुजतो. पानमळ्यांत वेलीला आधार म्हणून तो लावीत, हे वडीलधाऱ्यांना सांगायला नको. काटेसावरही चालेल, मात्र मुलांच्या वाटेपासून दूर. पिवळ्या रंगासाठी सोनसावर. तिला खडकाळ जमीनही पुरते.

फुलोऱ्याच्या दिवसांत यांपैकी एकही सावली देत नाही, हा आक्षेप रास्त आहे. त्यासाठी पश्चिमेला करंज असावा. पांगाऱ्याचा निर्णय पास्काच्या सणापर्यंत लांबवावा, एवढीच विनंती मी केली आहे. कुऱ्हाड उचलायचीच, तर फुलोरा पाहून उचलावी.