बाया म्हणून की जवान म्हणून?

'शांतिसेना' हा शब्द मराठी माणसाच्या मनात काय जागे करतो, यावरून त्याचे वय ओळखता यावे. जुन्या पिढीला विनोबा आठवतात. १९५७ साली त्यांनी उभी केलेली शांतिसेना निःशस्त्र होती. मधल्या पिढीला १९८७ ते १९९० या काळात श्रीलंकेत गेलेले भारतीय सैन्य आठवते, आणि ती आठवण फारशी सुखाची नाही. तिसरी शांतिसेना निळ्या शिरस्त्राणांची, संयुक्त राष्ट्रांची. वर्तमानपत्रात तिची बातमी कोणी हुतात्मा झाले अथवा कोणाला पदक मिळाले तरच येते. आमचा संबंध आला तो या तिसरीशी.

आम्ही तिघीजणी. एकीने आयुष्यभर समाजशास्त्र शिकवले, दुसरी वकील, तिसरी भाषांतरे करणारी. मोहिमेवर जाणाऱ्या तुकड्यांना निघण्यापूर्वी जे प्रशिक्षण मिळते, त्यात लैंगिक शोषण, स्थानिक रीतिरिवाज आणि 'जेंडर' या विषयांचे काही तास असतात. उत्तरेतल्या एका प्रशिक्षण केंद्रात ते तास घेण्यासाठी आम्हाला बोलावणे येई, आणि त्यासाठी एक हिंदी पुस्तिकाही आम्ही तयार केली होती. पुस्तिका करताना पहिली अडचण शब्दाचीच आली. मराठीत 'लिंगभाव' हा शब्द आता रुळला आहे, निदान आमच्यासारख्या लोकांत. बराकीत मात्र तो शब्द उच्चारताच मागच्या बाकांवर खसखस पिके. शेवटी 'जेंडर' असेच लिहिले. (मराठीत 'मी गेले' म्हणताच बोलणारी बाई आहे हे कळते, पण 'आम्ही गेलो' यातून ते कळत नाही. पुढे जे लिहायचे आहे त्याच्याशी या व्याकरणाचा काही संबंध आहे, असे आम्हाला वाटत आले आहे.)

पुस्तिकेच्या सातव्या पानावर शीर्षक होते, 'शांतिसेनेत स्त्रिया का हव्यात?' उत्तरे अशी: अत्याचार झालेल्या स्त्रिया पुरुष शिपायाशी बोलत नाहीत, स्त्रीशी बोलतात. स्त्रिया स्वभावतः समजूतदार असल्याने वाद चिघळत नाहीत. तुकडीत स्त्रिया असल्या की पुरुषांचे वर्तन सुधारते. स्थानिक मुलींपुढे आदर्श उभा राहतो. ही उत्तरे आमच्या पदरची नव्हती. संयुक्त राष्ट्रांच्या कागदपत्रांतून ती वर्षानुवर्षे फिरत होती, आणि आम्ही ती मनोभावे हिंदीत आणली होती.

लायबेरियाला निघालेल्या एका तुकडीपुढे हे पान वाचून झाले. तास संपला. बुलढाण्याकडची एक शिपाई, आम्ही मराठी आहोत हे कळल्यामुळे, चहाच्या वेळी जवळ आली. वय पंचवीस-सव्वीस असावे.

"मॅडम, एक इचारू का? तुमी सांगतलं का बाया मायाळू असतेत, म्हून बायाईले न्याचं. मंग मी मायाळू नसन तं? आमाले बाया म्हून धाडून राह्यले का जवान म्हून?"

आमच्यापैकी एकीने काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. 'दोन्ही' असे काहीसे. ती मान हलवून म्हणाली, "माह्यावर कर्ज हाये, भावाचं शिक्षण हाये. बाकीचे जवान जाते तशी मी चालली." आणि कप विसळायला निघून गेली.

लायबेरियाची पार्श्वभूमी येथे थोडी सांगायला हवी. १९८९ पासून २००३ पर्यंत, मधला काही काळ वगळता, त्या देशात यादवी चालू होती. सप्टेंबर २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांची मोहीम तेथे स्थापन झाली. जानेवारी २००७ मध्ये भारताच्या केंद्रीय राखीव पोलीस दलाची तुकडी मनरोव्हियाला उतरली. शंभराहून अधिक स्त्रिया, नेतृत्व सीमा धुंडिया यांचे, आणि सोबत वीसेक पुरुष. संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासातली ही पहिली सर्व-महिला पोलीस तुकडी. पुरुष होते ते स्वयंपाक, गाड्या आणि सामानसुमान यांसाठी. ही उलटापालट आम्हाला फार आवडे, आणि वर्गात सांगितली की पुरुषही हसत. एलेन जॉन्सन सरलीफ आदल्याच वर्षी अध्यक्षपदी आल्या होत्या. जुलै २००६ मध्ये अध्यक्षीय प्रासादाला आग लागल्यामुळे त्यांचे कार्यालय परराष्ट्र मंत्रालयाच्या इमारतीत हलले होते. तेथे पहारा, शहरात रात्रीची गस्त, दंगल उसळली तर बंदोबस्त, ही या तुकडीची कामे. दरवर्षी तुकडी बदले. शेवटची फेब्रुवारी २०१६ मध्ये परतली.

या नऊ वर्षांचे फलित म्हणून नेहमी एक आकडा सांगितला जातो: लायबेरियाच्या सुरक्षा यंत्रणेतील स्त्रियांचे प्रमाण ६ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर गेले. संयुक्त राष्ट्रांनीच तो सांगितला, आम्हीही शेकडोंच्या पुढे सांगितला. वाढ खरी आहे. ती भारतीय मुली पाहून झाली हे मात्र एवढ्या सरळपणे म्हणता येत नाही. त्याच काळात तेथील पोलीस दलाने स्त्रियांसाठी भरतीचे लक्ष्य ठरवले होते, आणि युद्धात शाळा सुटलेल्या मुलींना थोडक्या काळात शालान्त पात्रता मिळवून देण्याचा खास कार्यक्रमही चालवला होता. आदर्श पाहून प्रेरणा मिळत असेलही, पण अर्ज भरायला दाखला लागतो!

आता सातव्या पानाकडे. सबरीना करीम आणि काइल बिअर्ड्स्ली या दोन अभ्यासकांनी लायबेरियाच्या अनुभवावर बराच भर देऊन २०१७ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. स्त्री शांतिसैनिकांना अधिक सुरक्षित मोहिमांवर पाठवण्याकडे देशांचा कल असतो, असे त्यांना दिसले. म्हणजे जेथे अत्याचार सर्वांत भयंकर आणि म्हणून, आमच्या पुस्तिकेनुसार, स्त्रियांची गरज सर्वांत जास्त, तेथेच त्या कमी! करीम यांनी सहकाऱ्यांसह लायबेरियाच्या पोलिसांचे लहान लहान गट करून प्रयोगही केले. गटात स्त्रिया वाढल्या तेव्हा गटाची एकजूट वाढली. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांबाबत गट अधिक संवेदनशील झाला, असे मात्र आढळले नाही.

हे वाचून आम्ही खजील झालो. आश्चर्य नव्हते, बुलढाण्याच्या त्या मुलीने तेच तर आधी विचारले होते. संवेदनशीलता ही शिकवण्याची, कायद्याने बांधण्याची आणि वरिष्ठांनी तपासण्याची गोष्ट आहे. ती जन्माने येते असे धरून चाललो, तर पुरुषांना ती शिकवण्याची जबाबदारी टळते, आणि स्त्रीला ती असलीच पाहिजे असा एक जादा नियम लागू होतो. पुरुष शिपायाने पहारा नीट दिला की त्याचे काम झाले. स्त्रीने पहारा द्यायचा, शिवाय अनाथालयात खाऊ वाटायचा, मुलींना स्वसंरक्षण शिकवायचे, आणि छायाचित्रात हसायचे.

शोषणाच्या मुद्द्यावर तर आमची कळत नकळत फसगत झाली होती. गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन येथे मदतकार्यातील माणसेच धान्याच्या बदल्यात मुलींचे शरीर मागतात, हे २००२ मध्ये उघडकीस आले आणि शांतिसैनिकांवरही आरोप झाले. २००३ साली महासचिवांनी त्याविरुद्ध नियम काढले. २००५ साली जॉर्डनचे झैद यांचा परखड अहवाल आला. त्यानंतर स्त्रियांची संख्या वाढवा, पुरुष ताळ्यावर येतील, हा युक्तिवाद जोरात सुरू झाला. म्हणजे सहकाऱ्याच्या चारित्र्याची राखणदारी हीही तिचीच ड्यूटी. गुन्हा केलेल्या सैनिकावर खटला चालवण्याचा अधिकार त्याच्या मायदेशाकडे असतो आणि मायदेश बहुधा स्वस्थ बसतो, या खऱ्या दुखण्याला हात न लावता हे औषध सुचवले जात होते. आमच्या पुस्तिकेत खटल्यांवर चार ओळी होत्या. स्त्रियांच्या सत्प्रभावावर अर्धे पान.

तथापि प्रश्न इतका सरळ नाही, आणि तो तसा नाही हे लायबेरियानेच आम्हाला दाखवले. २००३ मध्ये मनरोव्हियाच्या मासळी बाजाराजवळच्या मैदानात पांढरे कपडे घातलेल्या स्त्रिया दिवसेंदिवस उन्हापावसात बसून होत्या. ख्रिस्ती आणि मुसलमान, दोन्ही. लेमा बोवी त्यांच्या पुढाऱ्यांपैकी एक. घानातील अक्रा येथे वाटाघाटी रेंगाळल्या तेव्हा या स्त्रियांनी सभागृहाची दारे अडवली आणि आतल्या पुरुषांना बाहेर पडू देईनात. पहारेकरी अटक करायला आले तेव्हा बोवी यांनी स्वतःची वस्त्रे उतरवण्याची धमकी दिली. वडीलधाऱ्या बाईने असे करणे म्हणजे पाहणाऱ्या पुरुषांना शाप, अशी तिकडची समजूत. १८ ऑगस्ट २००३ रोजी करार झाला. २०११ चे शांततेचे नोबेल सरलीफ, बोवी आणि येमेनच्या तवक्कुल करमान यांना मिळून देण्यात आले.

या स्त्रिया तेथे बसल्या त्या आया, बहिणी, बायका म्हणूनच. त्यांचे बाईपण हेच त्यांचे शस्त्र होते. मग शिपाई मुलीला ते ओझे वाटते आणि मासळी बाजारातल्या बाईला बळ, असे कसे? आमच्यातल्या समाजशास्त्राच्या बाई म्हणाल्या, बोवींनी ते स्वतः निवडले, आपल्या मुलीला ते कोणीतरी नेमून दिले. उत्तर बरे आहे. पुरते आहे असे वाटत नाही. ३१ ऑक्टोबर २००० रोजी सुरक्षा परिषदेने ठराव १३२५ संमत केला होता. शांततेच्या वाटाघाटींत स्त्रियांना स्थान द्या असे त्यात स्पष्ट लिहिले होते. पावणेतीन वर्षांनी अक्र्यात स्त्रियांना दाराबाहेर जमिनीवर बसावे लागले. आत खुर्ची मिळाली असती तर बाईपणाचे शस्त्र काढण्याची वेळ आली असती का, हाही प्रश्न आहेच.

आकड्यांबद्दल थोडक्यात. १९९३ मध्ये शांतिसेनेच्या गणवेशधाऱ्यांत स्त्रिया १ टक्का होत्या. २०२० मध्ये लष्करी तुकड्यांत ४.८ टक्के आणि पोलीस तुकड्यांत १०.९ टक्के. २०२८ साठी ठरवलेली लक्ष्ये अनुक्रमे १५ आणि २० टक्क्यांची. पोलीस पुढे आणि लष्कर मागे असण्याचे कारण साधे आहे: आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? संयुक्त राष्ट्रांचे स्वतःचे सैन्य नाही, देश देतील तेच. राखीव पोलीस दलाने पहिली महिला बटालियन १९८६ मध्ये उभारली, म्हणून २००७ ला पाठवायला मुली होत्या. आपल्या लष्करात शिपाई म्हणून स्त्रियांची पहिली तुकडी, तीही लष्करी पोलीस विभागात, २०२१ साली बाहेर पडली. अबये येथे २०२३ च्या जानेवारीत स्त्रियांची पलटण गेली, काँगोतील कामासाठी मेजर राधिका सेन यांना संयुक्त राष्ट्रांचा २०२३ चा पुरस्कार मिळाला, त्याआधी २०१९ चा मेजर सुमन गवानी यांना. या बातम्यांनी आम्हाला आनंद झाला. २०२५ मध्ये निधीअभावी मोहिमांतले सैनिक-पोलीस सुमारे चतुर्थांशाने कमी करण्याचे ठरले, तेव्हा या लक्ष्यांचे काय होणार, याची काळजीही वाटते.

ती मुलगी वर्षाने परतली. पुढे एका सुट्टीत ती आमच्यातल्या वकील बाईंना नागपुरात भेटली. आम्ही उत्सुकतेने विचारायला सांगितले होते की तिथल्या स्त्रिया तुझ्याशी बोलल्या का. ती म्हणाली, "बोलाले भेटलं कुठं? त्याइची इंग्रजी मले समजे ना, माही त्याइले. रातची गस्त अन् दिवसा फाटक." मग जरा थांबून तिने सांगितले की एका रात्री गस्तीत जमाव अंगावर आला होता, आणि तुकडीने गोळी न झाडता तो मागे हटवला. यात मायेचा काही संबंध होता का? तिने वकील बाईंकडे जरा कीव आल्यासारखे पाहिले. "ट्रेनिंग व्हती ना मॅडम." कर्ज फिटले होते. भाऊ शिकत होता. पुन्हा मोहीम निघाली तर नाव घालायचे होते, पण नवऱ्याकडचे लोक आता नको म्हणत होते.

सातवे पान काढून टाकावे, असे आमच्यापैकी दोघींचे मत झाले. त्या जागी एवढेच लिहावे की ही सार्वजनिक नोकरी आहे, तिच्यातली जोखीम, पगार, बढती आणि मान यांवर स्त्रीचा पुरुषाइतकाच हक्क आहे, आणि स्थानिक स्त्रियांशी नीट वागणे व बोलणे हे प्रत्येक सैनिकाचे काम आहे. भाषा येणारी दुभाषी स्त्री सोबत द्यावी, म्हणजे बोलणेही होईल. वकील बाईंना हे पटत नाही. त्यांचे म्हणणे, हक्काच्या भाषेने कोणताही कमांडर स्वतंत्र स्वच्छतागृहांच्या आणि बायकांच्या मापाच्या चिलखतांच्या मागणीवर सही करीत नाही. 'मोहिमेची परिणामकारकता वाढते' असे लिहिले की करतो. त्या सह्या त्यांनीच मिळवल्या आहेत, त्यामुळे त्यांना खोडून काढणे कठीण जाते. पुस्तिकेची सुधारित आवृत्ती करायला घेतली आहे. बाकीची पाने तयार आहेत. सातव्याविषयी आमचे अजून ठरलेले नाही.