चायनीज खावे, पण विचारून

क्वालालंपूरला चायनीज खाणे सोपे. दारावर ‘जाकिम’चे हलाल चिन्ह दिसले की बिनधास्त आत शिरायचे. आपल्या वसई-विरारच्या गाड्यांवर मात्र तोंड उघडून विचारावे लागते.

इथले चायनीज तसे चीनचे थोडेच! चिकन मंचुरियन मुंबईचे. १९७५ मध्ये नेल्सन वँग यांनी ते केले, असे सांगतात. आले, लसूण, हिरवी मिरची आपलीच, सोया सॉस तेवढा त्यांचा. म्हणून तर मुले त्यासाठी हट्ट धरतात.

एकदा मगरिबनंतर मुलांना घेऊन नालासोपाऱ्यात एका गाडीवर गेलो. ‘चिकन हलाल आहे ना?’

पोरगा म्हणाला, ‘आज नेहमीच्या दुकानाचे नाही.’

‘मग व्हेज नूडल्स दे.’

‘कढई तीच आहे, भाईजान.’

मुलांचे चेहरे पडले. आम्ही वडापाव खाऊन घरी आलो. पण त्याचे खरे बोलणे मनात राहिले. पुढच्या आठवड्यात मुद्दाम त्याच्याचकडे गेलो. आम्हाला पाहताच तो हसला, ‘आज बसा.’

चिकन कुठले, कढई कोणती, सॉसमध्ये वाइन आहे का, एवढे विचारायला लाजू नका. जो सरळ उत्तर देतो, त्याच्याकडेच खा.