आजीची कॅसेट

आजीच्या आवाजाची एकच कॅसेट आमच्या वर्ध्याच्या घरात उरलीय. पवनारच्या आश्रमात ऐकून ऐकून पाठ झालेली विनोबांची गीताई ती म्हणते. मध्येच कुकरची शिट्टी! टेप जुनी होत चाललीय, म्हणून स्टिरिओ कॉम्प्युटरला जोडला. ‘लाइन आउट’मधली वायर निळ्या ‘लाइन इन’मध्ये. गुलाबी भोक माइकचं, तिथे आवाज फाटतो. (नव्या लॅपटॉपना बहुधा निळं भोक नसतंच, यूएसबीचा डबा घ्यावा लागतो.) ऑडॅसिटीत 44.1 किलोहर्ट्झ, मिनिटाला साधारण 10 एमबी. घाई चालत नाही, 60 मिनिटांची कॅसेट 60 मिनिटं घेतेच. खरखर काढता येते, पण मग आजीचा ‘स’ बोथट होतो. राहू दिली. मामा, फाइल पाठवतोय, शिट्टीसकट.