उजवीकडची खुर्ची

देवास म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला कुमारजी आठवतात. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेला मुलगा मुंबईला देवधर मास्तरांच्या शाळेत शिकला, तिथेच पुढे शिकवूही लागला, आणि १९४८ साली क्षयाने गाठलं म्हणून कोरड्या हवेच्या देवासला येऊन राहिला. १९९२ साली गेला तोही तिथेच. धार म्हटलं की भोजराजा आणि पवारांचं संस्थान. माझं या दोन गावांचं ज्ञान बरीच वर्षं एवढंच होतं, आणि एवढ्यावर माझं छान चाललं होतं!

मग माझा भाचा माळव्यात नोकरीला लागला. विमान उडवायला शिकवण्याची नोकरी. इंदूरच्या एका बाजूला देवास, दुसऱ्या बाजूला धार. विद्यार्थ्याला घेऊन निघालं की खाली हीच गावं. देवासच्या चामुंडामातेची टेकडी त्या सपाट मुलखात लांबून दिसते, धारचा किल्लाही ओळखू येतो. नवीन मुलांना तो सांगायचा, "आधी बाहेर बघा. टेकडी कुठे आहे ते बघा. काटे नंतर." ज्या टेकडीच्या पायथ्याशी कुमारजींचं 'भानुकुल' आहे, तीच टेकडी या मुलांची वाट चुकू नये म्हणूनची खूण! मला हे ऐकून फार गंमत वाटली होती.

आता तो ती नोकरी सोडून एका प्रादेशिक विमान कंपनीत गेला आहे. जावं की न जावं यावर आमच्या घरात सहा महिने जो काथ्याकूट झाला, त्यातून मला जे उमजलं ते लिहायचं आहे. प्रश्न वैमानिकांचा दिसतो खरा, पण मी एकतीस वर्षं शाळेत शिकवलं आहे आणि मला तो परका वाटला नाही.

आधी थोडी माहिती. आपल्याकडे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवायला दोनशे तासांचं उड्डाण लागतं. शिवाय परीक्षा, वैद्यकीय तपासणी आणि पैसे. पैसे म्हणजे अर्धा कोट सहज. भाच्यासाठी डिचोलीचं कुळागर बँकेकडे गहाण पडलं. परवाना हातात आला तो २०२० साली! जगातली विमानं जमिनीवर उभी होती. त्याच्या आधीच्या वर्षी, एप्रिल २०१९मध्ये, जेट एअरवेज बंद पडली होती आणि अनुभवी वैमानिकच नोकऱ्या शोधत होते. दोनशे तासांच्या मुलाला कोण विचारतो? मग त्याने प्रशिक्षकाचं रेटिंग केलं आणि माळव्यात गेला.

अमेरिकेत ही गोष्ट जरा वेगळी आहे. २००९ साली बफेलोजवळ एका प्रादेशिक कंपनीचं विमान पडलं. त्यानंतर तिथे कायदा बदलला आणि २०१३पासून एअरलाईनच्या सहवैमानिकालाही साधारणपणे दीड हजार तास लागू लागले. ते तास जमवायला तिथली मुलं शिकवतात; तास भरले की जातात. त्यात कुणाला वाईट वाटत नाही, कारण सगळ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. आपल्याकडे दोनशे तासांवरही एअरलाईनचं दार उघडू शकतं. त्यामुळे पुष्कळदा शिकवायला तोच येतो ज्याच्यासाठी दार त्या वेळी बंद होतं. नाइलाजाने येतो, आणि कधी कधी त्या कामात रमतो. भाच्याचं हेच झालं.

साहाय्यक प्रशिक्षकाला विद्यार्थ्याला पहिल्यांदा एकट्याने विमान घेऊन पाठवायचा अधिकार नसतो. तो अधिकार पुढची पायरी चढल्यावर मिळतो. मी त्याला एकदा विचारलं, सगळ्यांत कठीण काय रे? मला वाटलं, वादळ, बंद पडलेलं इंजिन असं काहीतरी सांगेल. तो म्हणाला, "मामा, उतरणं."

म्हणजे असं. सेसनासारख्या छोट्या विमानात विद्यार्थी डावीकडे बसतो, प्रशिक्षक उजवीकडे. दोघांच्याही पुढ्यात विमान चालवायची साधनं असतात. विद्यार्थी चुकला तर उजवीकडचा हात पुढे येतो. मग एक दिवस, पंधरा-वीस तासांनंतर, कुणाचे त्याहून अधिक, सकाळची हवा शांत असताना दोन-तीन फेऱ्या नीट होतात. प्रशिक्षक विमान थांबवायला सांगतो, पट्टा सोडतो, दार उघडून खाली उतरतो, आणि म्हणतो, "आता एकट्याने एक फेरी मारून या." उजवीकडची खुर्ची रिकामी. पुढची पाच-सहा मिनिटं तो धावपट्टीच्या कडेला उभा. काही करता येत नाही. जे करायचं ते आधीच करून झालेलं असतं, किंवा राहून गेलेलं असतं!

बोर्डाच्या परीक्षेला मुलं वर्गात गेल्यावर फाटकाशी उभं राहणाऱ्या मास्तराला हे कळेल. फरक इतकाच की आमच्या मुलांचं फार तर वर्ष जातं.

तर २०२३ उजाडलं. फेब्रुवारीत एअर इंडियाने ४७० विमानांची मागणी नोंदवली, जूनमध्ये इंडिगोने ५०० विमानांची. वैमानिकांची भरती जोरात सुरू झाली. इकडे जानेवारीत मोपा सुरू झालं होतं. मार्च २०२४मध्ये तर गोव्याचीच म्हणता येईल अशी फ्लाय९१ ही कंपनी मोपाहून एटीआर विमानं उडवू लागली. लहान शहरांना जोडणारी, सत्तरेक माणसांची पंख्याची विमानं. माझ्या बहिणीला वाटू लागलं की देवानेच विमानतळ डिचोलीच्या वाटेवर आणून ठेवला आहे. भाच्याला एटीआर उडवणाऱ्या एका कंपनीचं बोलावणं आलं तेव्हा तिने मला फोन केला, "दादा, तूंच सांग ताका."

काय सांगणार? प्रशिक्षकाला पगार बेताचा, वरकड कमाई उडालेल्या तासांवर. पावसाळ्यात ढग खाली आले की तास नाहीत, म्हणजे पैसेही नाहीत. बँकेचा हप्ता मात्र बारमाही. कुळागर गहाण. या बाजूने पाहिलं तर प्रश्नच नव्हता.

दुसऱ्या बाजूला तीन मुलं होती. त्याच्या हाताखाली अर्ध्यावर आलेली. त्यांतली एक धारकडच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी, सोयाबीनच्या पैशांत आणि कर्जात शिकणारी. तिचं विमान जमिनीला टेकताना उड्या घ्यायचं. तिसरा प्रशिक्षक होता हा तिचा. आधीचे दोघे एअरलाईनमध्ये निघून गेले होते. प्रत्येक नवा माणूस आला की पहिले काही तास तो तिला अजमावण्यात घालवणार, आणि त्या तासांचे पैसे तिनेच भरायचे. भाचा मला म्हणाला, "मामा, हांव गेलों जाल्यार ह्या तिगांचें कितें?"

थांबायचं म्हटलं तर त्यालाही किंमत. एअरलाईनमध्ये रुजू होण्याच्या तारखेवर ज्येष्ठता ठरते, आणि कॅप्टन कधी होणार इथपासून पुष्कळ काही त्या क्रमावर अवलंबून असतं. आज तीन महिने मागे राहिलात तर मधल्या काळात आलेली माणसं कायमची पुढे.

मी मास्तर. माझा कल कुठे असणार ते सांगायला नको. शिकवणं हे मोठं काम आणि पगारासाठी ते सोडणं हे लहान, असं म्हणायला जीभ शिवशिवतच होती. त्याला भेटायला गेलो तेव्हा देवासला गेलो, धारला गेलो, आणि त्या दोन गावांनी माझा तो डौल उतरवला.

कुमारजी देवासला आले ते त्यागासाठी नव्हे, जीव वाचवण्यासाठी. पाचेक वर्षं गाणं बंद. घरची आघाडी भानुमतीबाईंनी सांभाळली, शाळेत नोकरी करून. त्या नोकरीला लहान म्हणायची कुणाची छाती आहे? अंथरुणावर पडून कुमारजींनी माळव्याची लोकगीतं ऐकली, म्हणजे शिकवणारा माणूस पुन्हा शिकणारा झाला. बरे झाल्यावर गायले ते गाणं आधीच्यासारखं नव्हतं, आणि पुढे शिष्यांना मिळालं ते हे गाणं.

धारला रघुनाथराव फडक्यांचा स्टुडिओ. फडके वसईचे. गिरगाव चौपाटीवरचा लोकमान्यांचा पुतळा त्यांचा. मुंबईत नाव झालेला हा शिल्पकार धारला येऊन राहिला, तिथे त्याने माती मळत शिष्य तयार केले. १९६१ साली पद्मश्री मिळाली ती धारच्या फडक्यांना.

आणि उलट दिशेने गेलेले अमानत खाँ. देवासचे, मुंबईला गेले, पण नावाला 'देवासवाले' चिकटलं ते चिकटलंच. मुंबईत त्यांच्याकडे शिकली कोण? आपल्या मंगेशीच्या दीनानाथांची लेक, लता! खाँसाहेबांनी गाव सोडलं, शिकवणं सुटलं नाही.

म्हणजे कुणी येऊन शिकवलं, कुणी जाऊन शिकवलं. जाणं की राहणं यावरून माणसाचं मोजमाप होत नाही, एवढं मला कळलं. मग कशावरून होतं? भाच्याशी बोलताना त्याचं उत्तर त्यानेच दिलं, सहज. तो म्हणाला, "एटीआरमध्येही मी उजवीकडेच बसणार."

मला आधी कळलं नाही. मोठ्या विमानात कॅप्टन डावीकडे आणि सहवैमानिक उजवीकडे. सेसनात उजवीकडची खुर्ची गुरूची. एटीआरमध्ये तीच खुर्ची शिष्याची. इतकी वर्षं 'बाहेर बघा' म्हणणारा आता दुसऱ्या कुणाकडून ऐकून घेणार. जो पुन्हा शिष्य व्हायला तयार आहे तो शिकवण्यापासून पळतो आहे असं कसं म्हणावं? पुढे तोही डावीकडे जाईल, आणि त्याच्या उजवीकडे कुणीतरी नवीन येईल.

हे सगळं खरं असलं तरी त्या तिघांचा प्रश्न त्याने सुटत नाही. म्हणून मी मास्तर या नात्याने एकच सांगितलं : जायचं तर जा, पण अर्ध्यावरचं पान कोरं ठेवून जाऊ नकोस. त्याने कंपनीला पुढच्या तुकडीत घ्या म्हणून विनंती केली. ती मान्य झाली, ज्येष्ठतेचा क्रम खाली गेला. त्या तीन महिन्यांत दोन मुलं एकट्याने उडून आली. धारकडच्या मुलीची फेरी मात्र राहिली. पाऊस लवकर आला, ढग बसले, तारीख संपली. निघण्यापूर्वी त्याने तिच्या प्रशिक्षणाच्या नोंदी जशा लिहिल्या तशा मी शाळेत कुणाच्या प्रगतिपुस्तकात लिहिल्या नव्हत्या : कुठे घाबरते, कुठे घाई करते, काय सांगितलं की ऐकते, काय सांगितलं की बिथरते. नव्या प्रशिक्षकाबरोबर तासभर बसून ते वाचून दाखवलं. चौथ्या माणसाने पुन्हा पहिल्यापासून अजमावू नये म्हणून.

पुरेसं होतं का ते? त्या मुलीच्या बापाला विचाराल तर नाही म्हणेल, आणि त्याचं चूक नाही. भरती आली की प्रशिक्षक जाणार, मागे शिकणाऱ्यांचे तास आणि पैसे वाढणार. हे एकट्यादुकट्याच्या सज्जनपणाने मिटणारं नाही. शिकवणाऱ्याला असा पगार हवा की राहायची इच्छा असलेल्याला राहता यावं. शाळांना जे लागू तेच धावपट्टीला.

असो. कुळागराचा हप्ता आता वेळेवर जातो. आणि आपण मोपाहून विमानात बसतो तेव्हा पुढच्या बंद दारामागे जे दोघे असतात, त्या दोघांसाठीही कधीतरी, कुठल्या तरी गावाबाहेरच्या धावपट्टीवर, कुणीतरी उजवीकडची खुर्ची रिकामी करून खाली उतरलेलं असतं. तो माणूस पुढे राहिला की गेला, ते निराळं. त्या सकाळी तो तिथे होता.