आजोबांचा गज

आजोबांच्या वर्षाच्या मिस्सेनंतर पाहुणे घरी येणार होते. २००९च्या नाताळात इथल्या केबल चॅनेलवर आजोबांनी व्हायोलिन वाजवलं होतं, ते टीव्हीवर लावायचं ठरलं. काकांनी तेव्हा कॉम्प्युटरला टीव्ही ट्यूनर कार्ड बसवून ते रेकॉर्ड केलेलं. बावीस-बावीस मिनिटांच्या दोन फाइली, एमपीईजी-२मधल्या, प्रत्येकी जवळपास १ जीबीची. तो कॉम्प्युटर कधीच भंगारात गेला. फाइली माझ्याकडे होत्या.

पहिली फाइल मी एमपी४ केली. ९० एमबीत बसली! खुशीत मूळ फाइल उडवली, रिसायकल बिनसुद्धा रिकामी केली. लॅपटॉप भरला होता ना. एक जीबी म्हणजे केवढी बचत!

आजीने बघितलं. "अगं, गज असा फरफटत का चाललाय त्यांचा? एवढे म्हातारे नव्हते ते तेव्हा."

मग शोधाशोध. आपल्या जुन्या टीव्हीवर सेकंदाला २५ चित्रं यायची, पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत: आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या, १/५० सेकंदानंतर टिपलेल्या. म्हणजे हालचालीचे सेकंदाला ५० क्षण. माझ्या सॉफ्टवेअरने त्यातला एक हप्ता सरळ टाकून दिला होता. शिवाय फाइल इतकी दाबली, की वेगाने हलणारं सगळं पुसट झालं. आजोबांचा गज आणि बोटंच तर हलत होती. आणि मी एमपी४ला फॉरमॅट समजत होते. ते नुसतं पाकीट. आतलं पत्र कसं लिहिलंय, हा प्रश्न वेगळाच.

दुसऱ्या फाइलीच्या आधी दोन ठिकाणी कॉपी केल्या. मधल्या जाहिराती कापायच्या होत्या. एमपीईजी-२मध्ये पूर्ण चित्र साधारण अर्ध्या सेकंदाला एकदा साठवतात, मधे फक्त बदल. पूर्ण चित्रावर कापलं तर बाकीच्याला हात लागत नाही. भलतीकडे कापलं की तेवढा भाग नव्याने बनवावा लागतो. प्रत्येक चित्र स्वतंत्र ठेवणारे डीव्हीसारखे फॉरमॅट एडिटिंगला सोपे, पण तासाला १३ जीबी खातात. मला नुसतं कापायचं होतं, म्हणून मूळ फॉरमॅटमध्येच कापलं. त्यामुळे एका जागी सोनाराच्या जाहिरातीतली बाई अर्धा सेकंद डोकावते. राहू दे तिला.

टीव्हीला पेनड्राइव्ह लावून दाखवायला वेगळी प्रत केली: एच.२६४, सेकंदाला पूर्ण ५० चित्रं, पाकीट एमपी४चंच. त्यात गज कसा सपकन फिरतो!

पण आजीची आवडती धून पहिल्या फाइलीत आहे. त्या दिवशी ती लावली, तेव्हा आजीने डोळे मिटून घेतले. आवाज तेवढा चांगला राहिलाय.