सेनापतीची कोठडी

सेनापतींची चरित्रे वाचण्याचा मला जुना नाद आहे. लढायांची वर्णने आली की मी पाने भराभर उलटतो. माझे लक्ष असते ते युद्ध संपल्यानंतरच्या प्रकरणाकडे. विजयाच्या धुंदीत सारेच सेनापती मोठे दिसतात. त्यांची खरी पारख तरवार म्यान झाल्यावर होते. या दृष्टीने जपानी सेनापती हितोशी इमामुरा याच्या चरित्राने मला जितके विचारात पाडले, तितके क्वचितच दुसऱ्या कोणाच्या चरित्राने पाडले असेल.

मार्च १९४२ मध्ये त्याच्या फौजेने दहा दिवसांच्या आत जावा बेट डचांकडून जिंकून घेतले. उतरण्याच्या रात्रीच त्याचे जहाज जपानी आरमाराच्याच टॉर्पेडोने बुडाले आणि सेनापतीमहाशय तेलाने माखलेल्या अंगाने किनाऱ्यास लागले! जावातील त्याचा कारभार इतका सौम्य होता की टोकियोत कुरकुर सुरू झाली. वर्षअखेर त्याची नेमणूक न्यू ब्रिटन बेटावरील राबौल येथे झाली. दोस्तांनी राबौलवर चाल न करता त्याची रसद तोडली, तेव्हा भुयारे खणवून व मळे पिकवून त्याने लाखाच्या घरातील आपली माणसे जगविली.

येथवर सारे कौतुकाचेच. परंतु त्याच राबौलमध्ये, सिंगापुरात पकडलेले हजारो हिंदी युद्धकैदी हमालीस जुंपलेले होते. मारहाण, उपासमार आणि रोगराई यांमुळे त्यांतील कित्येक घरी परतलेच नाहीत. हे पान हिंदी वाचकाला भराभर उलटता येत नाही. कैद्यांविषयी जपानी शिपायाच्या मनात एवढी तुच्छता कोठून आली? १९४१ च्या आरंभी सैनिकांसाठी जी आचारसंहिता निघाली, तिने जिवंतपणी शत्रूच्या हाती सापडणे हा कलंक ठरविला होता. ती तयार झाली लष्कराच्या शिक्षणखात्यात, आणि तीही इमामुराच्या देखरेखीखाली! आपल्या शब्दांचे वळ उद्या कोणाच्या पाठीवर उठतील, हे लिहिणाऱ्याला दिसत नाही. जन्मभर शब्द शिकविण्यात घालविलेल्या माझ्यासारख्याला ही गोष्ट विशेष झोंबते.

१९४५ मध्ये इमामुरा स्वतःच शरण आला. हाताखालच्या लोकांस आवरले नाही, या आरोपावरून १९४७ साली ऑस्ट्रेलियन लष्करी न्यायालयाने त्याला १० वर्षांची शिक्षा दिली. १९५० साली तो टोकियोच्या सुगामो तुरुंगात होता. घरच्या माणसांजवळ राहून शिक्षा भोगण्याची सोय आयतीच झाली होती. पण त्याचे शिपाई दूर मानुस बेटावर खितपत पडले होते. म्हणून त्याने आपण होऊन मागणी केली आणि तो त्यांच्यात जाऊन राहिला. १९५४ साली सुटका झाल्यावर त्याने आपल्या आवारात कोठडीवजा लहानशी खोली बांधली आणि १९६८ साली मृत्यू येईपर्यंत बहुतेक काळ तीतच काढला.

या प्रायश्चित्ताने मेलेला एकही कैदी परत आला नाही. त्यांच्या आप्तांनी इमामुराला क्षमा करावी, असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. तरीपण ‘हे माझ्या हाताखालच्यांनी केले, मला ठाऊक नव्हते’ हे वाक्य आपण कचेऱ्यांत, संस्थांत, घरांतही किती सहज उच्चारतो! न्यायालयाने घातलेली मुदत संपल्यावरही ते वाक्य उच्चारण्यास जो तयार झाला नाही, त्याला निर्दोष म्हणता येणार नाही. पण जबाबदारी या शब्दाचा अर्थ त्याला कळला होता, एवढे मात्र कबूल केले पाहिजे.