वस्तीचा शब्द आणि घरातले मत

आमच्या गल्लीत त्या दिवशी अकरा घरांना कुलपे होती. तारीख 20 नोव्हेंबर 2024, विधानसभेचे मतदान. दिवाळी झाली होती, मुकादमाची उचल घरोघर खर्चून गेली होती आणि माणसे कोयते घेऊन कारखान्याच्या वाटेला लागली होती. कळंब, भूम, वाशीकडच्या वाचकांना हे सांगायला नकोच. आम्ही मात्र याच कुलूपबंद घरांची मते धरून एका पक्षाला वस्तीचा शब्द दिला होता. शब्द दिला तो काकांनी, पण सतरंजीवर आम्हीही बसलो होतो आणि त्यांचा चहाही प्यालो होतो. बदल्यात विहारामागची गटार बांधून मिळणार होती.

निकालानंतर गटारीचे विचारायला गेलो, तर त्यांच्या कार्यकर्त्याने खिशातून एक कागद काढला. आमच्या केंद्राचा आकडा त्यावर होता. "एवढीच? तुमचा शब्द तर सगळ्या वस्तीचा होता." आम्ही बी.कॉम. झालेलो, दिवसभर आकड्यांत बसणारे कारकून, पण आकड्यापुढे मान खाली गेली ती त्या दिवशी.

मत गुप्त असते हे खरे, पण माणसाचे. वस्तीचे गुप्त राहत नाही. यंत्रावर प्रत्येक केंद्राची बेरीज वेगळी निघते, नमुना 20 मध्ये ती केंद्रवार लिहिली जाते आणि कोणालाही पाहता येते. ज्या केंद्रावर बहुतेक मतदार एकाच वस्तीचे, तिथे वस्तीने काय केले ते उघडे पडते. कागदी मतपत्रिकांच्या काळी अनेक केंद्रांच्या मतपत्रिका मिसळून मोजण्याची तरतूद होती. यंत्रांचीही अशी एकत्र बेरीज दाखवणारे टोटलायझर नावाचे उपकरण वापरू द्यावे, असे निवडणूक आयोगाने 2008 साली सुचवले, विधी आयोगानेही 2015 साली तेच म्हटले. सरकारने ते मानले नाही. पुढाऱ्यांना आपापला आकडा हवा असतो, दुसरे काय!

आमची आजी 1952 च्या मतदानाची गोष्ट सांगे. तेव्हा आपला जिल्हा हैदराबाद राज्यात. उमेदवारागणिक वेगळी पेटी, पेटीवर त्याचे चिन्ह, आणि चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची. "पाटलाला काय कळतंय? पेटीला ठावं न् मला ठावं," असे ती म्हणे.

घरी येऊन आम्ही पत्नीला आकडा सांगितला. कुलपांचा हिशेब करूनही मते कमीच भरत होती. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "त्यातलं एक माझं धरा. मी नाही दिलं त्यांना." आम्ही म्हणालो, अगं पण शब्द दिला होता. "अहो, मला विचारलं होतं का? माझ्या मताचा शब्द तुम्ही कसा दिला?"

उत्तर सुचले नाही. आम्ही इतरांना कितीदा सांगितले आहे की 1932 च्या पुणे करारात निदान प्राथमिक निवडणूक होती, राखीव जागेसाठी आपल्याच मतदारांनी आधी चार जण निवडायचे आणि मग सर्वांनी मिळून त्यांतला एक. पुढे ती पायरी गेली आणि तिच्या जागी पक्षाचे तिकीट आले. आपला उस्मानाबाद लोकसभा मतदारसंघ 2009 च्या निवडणुकीआधी राखीवच होता. अरविंद कांबळे काँग्रेसकडून, शिवाजी कांबळे आणि 2004 साली कल्पना नरहिरे शिवसेनेकडून निवडून आल्या. माणूस आपला, पण तो निवडायचा पक्षाने. 2008 च्या पुनर्रचनेत जागा खुली झाली, लातूर राखीव झाले. दुसऱ्याने आपल्यासाठी निवडायचे, हे आम्हाला तिथे खुपत होते. आणि स्वतःच्या घरात आम्ही तेच केले होते.

पक्षांनी युती करू नये असे आमचे म्हणणे नाही. 1998 साली प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, रामदास आठवले आणि जोगेंद्र कवाडे हे चौघे काँग्रेसशी समझोता करूनच लोकसभेत गेले, तेही खुल्या जागांवरून. पण तो समझोता उघड होता, पटला तर मत द्या नाहीतर नका देऊ. सतरंजीवरच्या शब्दात बायकांना जागा नव्हती, आणि ऊसतोडीला गेलेल्यांना तर नव्हतीच. निवडणूक कामावरच्या नोकराला टपाली मत आहे, सैनिकाला आहे, 85 वर्षांपुढच्या म्हाताऱ्याला घरी बसून देता येते. फडात असलेल्या ऊसतोड्याला नाही.

पुढच्या रविवारी वंदनेनंतर हे सर्व विहारात मांडले. आमच्या चुकीसकट. काका चिडले. "शब्द द्यायचा नाही, मग गटार कोण बांधणार?" त्यांचेही अगदी खोटे नाही, मागचा हातपंप अशाच शब्दावर आला होता. तेव्हा आम्ही सांगितले की अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची योजना जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे आहे. पैसा सरकारचा आहे, कोणा पक्षाच्या घरचा नव्हे. काका म्हणाले, "कागदानं गटार होत नसती." तरी अर्ज लिहिला. पहिली सही पत्नीने केली, काकांनी सर्वांत शेवटी अंगठा दिला. अकरा घरांच्या ओळी कोऱ्या सोडल्या. एप्रिलमध्ये माणसे परतली तेव्हा त्या भरल्या आणि अर्ज देऊन आवक क्रमांक घेतला. पोच आमच्या घरी आहे, ज्यांना पाहायची त्यांनी यावे.